फिरत्या धंद्यासाठी डिजिटल डायरी: कशी निवडायची, कशी भरायची, रोज कशी वापरायची

सोलापूरचा कापडधंदा अजूनही बराचसा तोंडी शब्दावर चालतो. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत मागांच्या खडखडाटात उभ्या उभ्या माल द्यायचा वार ठरतो. चाटी गल्लीत चहाच्या कपावर भाव ठरतो. हैदराबादच्या पार्टीचा फोन येतो तेव्हा आपण सात रस्त्याला सिग्नलवर असतो. मग एक गोष्ट डोक्यात राहते, दुसरी बिलाच्या मागच्या बाजूला, तिसरी व्हॉट्सॲपच्या संदेशांखाली गाडली जाते. आठवड्याने पार्टी विचारते, "माल कुठंय?" आणि शोधाशोध सुरू होते. यावर उपाय म्हणजे खिशातली डिजिटल डायरी: तारखा, नंबर, कामं आणि टिपा ठेवणारा फोन किंवा तसंच छोटं यंत्र.

मी टॉवेल-चादरीच्या ऑर्डरींचं काम बघतो, म्हणून इथली उदाहरणं त्या धंद्यातली आहेत. पण औषध कंपनीचे एमआर, विमा एजंट, डाळिंबाचे व्यापारी, युनिफॉर्मवाले, बांधकाम ठेकेदार यांनाही हीच पद्धत लागू पडते. सुरुवातीलाच माझं मुख्य म्हणणं सांगतो. यंत्र तीन-चार वर्षांत बदलणार, नोंद मात्र पुढची कित्येक वर्षं लागणार. म्हणून कुठलंही यंत्र घेताना दोन गोष्टी आधी बघा: नोंद पटकन आत जाते का, आणि हवी तेव्हा सगळीच्या सगळी बाहेर काढता येते का. बाकीचं सगळं यानंतर.

खरेदीआधी एक आठवडा कागदावर

दुकानात जाण्याआधी शर्टाच्या खिशात मावेल अशी छोटी वही घ्या. आठवडाभर कामाची प्रत्येक गोष्ट तिच्यात टाका, आणि प्रत्येक ओळीपुढे दोन-तीन शब्द जास्त लिहा: कुठं होतात, ती गोष्ट फोनवर कळली की समोरासमोर, आणि पुन्हा कधी लागली.

आठवड्याच्या शेवटी वही घेऊन बसा. प्रत्येक नोंद चारपैकी एका खणात पडते: तारीख, माणूस, करायचं काम, किंवा नुसती माहिती. विमा एजंटच्या वहीत माणसं आणि तारखा भरपूर निघतील. ठेकेदाराच्या वहीत मापं आणि साइटच्या गोष्टी. आमच्यासारख्यांच्या वहीत तारखा आणि आकडे. कुठला खण भरून वाहतोय ते कळलं की निम्मी निवड झालीच.

उरलेली निम्मी जागेवरून ठरते. बहुतेक नोंदी उन्हात, दुचाकीजवळ उभं राहून होत असतील तर पडदा उन्हात वाचता येणं सगळ्यात महत्त्वाचं. एका हातात नमुना किंवा टेप असेल तर बोलून लिहिण्याची सोय हवी. गोदामात गाठी मोजायच्या असतील आणि मालावर बारकोड असेल तर वेगळंच यंत्र लागतं. आणि वहीतल्या सगळ्या नोंदी गादीवर बसून केलेल्या निघाल्या, तर खिशातल्या यंत्राची गरजच नाही. दुकानातला संगणक आणि एक जाड रजिस्टर पुरेल.

जुन्या यंत्रांकडून घ्यायचं ते

खिशात मावणारी ही यंत्रं स्मार्टफोनच्या कितीतरी आधीची आहेत. ब्रिटनच्या सायन कंपनीचा ऑर्गनायझर १९८४ सालचा. त्याच दशकात कॅसिओच्या डिजिटल डायऱ्या आल्या, आणि आपल्याकडे अनेक व्यापाऱ्यांच्या खिशात दिसू लागल्या. ॲपलचं न्यूटन १९९३ साली आलं, हस्ताक्षर ओळखण्यात अडखळलं आणि १९९८ साली बंद झालं. १९९६ साली पाम पायलट आलं आणि लोकांनी ते उचलून धरलं. बंगळुरूमध्ये भारतीय भाषा डोळ्यांपुढे ठेवून सिम्प्युटर घडवलं गेलं. ॲमिडा नावाने ते २००४ साली बाजारात आलं, पण रुजलं नाही.

पाम का चाललं ते समजून घेण्यासारखं आहे. त्याच्यावर चार मुख्य बटणं होती: तारखा, पत्ते, कामं, टिपा. बटण दाबलं की तो खण लगेच उघडायचा, वाट बघावी लागत नसे. पेन्सिल सेलच्या जोडीवर ते आठवडेच्या आठवडे चालायचं. आणि संगणकाजवळच्या स्टँडवर ठेवून एक बटण दाबलं की दोन्हीकडच्या नोंदी सारख्या व्हायच्या. आजच्या फोनवर हजार गोष्टी आहेत, पण कामासाठी लागतात त्या याच चार.

कॅसिओच्या डायरीचा धडा वेगळा. तिच्या अनेक मॉडेलांत बटण सेल असायचे, मुख्य आणि राखीव. बदलताना एकावेळी एकच काढायचा. दोन्ही एकदम निघाले की सगळे नंबर गेले. ज्यांची यादी त्या डायरीतच होती त्यांची तिथेच संपली. ज्यांनी ती संगणकावरही उतरवून ठेवली होती त्यांची यादी पुढे पाममध्ये आणि नंतर फोनमध्ये आली.

आज समोर काय आहे

बहुतेकांसाठी उत्तर खिशातच आहे, ते म्हणजे आताचा फोन. तो सतत जवळ असतो आणि वेगळा खर्च नाही. अडचण एवढीच की त्याच पडद्यावर घरचे फोन, व्हिडिओ आणि शंभर ग्रुप असतात. नोंद करायला फोन उघडावा आणि दुसऱ्याच संदेशात अडकावं, असं रोज घडतं. यावर उपाय आहे, मांडणीच्या भागात येईल.

दुसरा पर्याय मला मनापासून आवडतो: घरात पडलेला जुना पण धड फोन, सिमकार्डाशिवाय, फक्त डायरी म्हणून. गजर वाजायला सिम लागत नाही. दुकानाच्या किंवा घरच्या वाय-फायवर आला की नोंदी आपोआप सारख्या होतात. गोदामात किंवा काउंटरवर ठेवला तर दिवाणजीही बघू शकतो. एकच बघा, त्याला सुरक्षेचे अपडेट अजून मिळतात का. बंद झाले असतील तर त्यावर बँकेचं ॲप आणि मुख्य ईमेल ठेवू नका.

पेनवाला फोन किंवा आठ इंची टॅब युनिफॉर्मवाल्यांना आणि ठेकेदारांना उपयोगी, कारण आकृती काढून तिच्यावर मापं लिहिता येतात. ई-इंकची वही कडक उन्हात कागदासारखी दिसते आणि एका चार्जवर बरेच दिवस टिकते. पण तिचा पडदा संथ बदलतो आणि गजरासाठी तिच्यावर विसंबता येत नाही. मराठी हस्ताक्षराची छापील अक्षरं होतीलच असं धरू नका, दुकानात चार ओळी लिहून बघा. बारकोड वाचणारी मजबूत हँडहेल्ड यंत्रं साध्या फोनपेक्षा बरीच महाग पडतात. रोज शेकडो नग आत-बाहेर होत असतील तरच त्यांचा विचार करा.

जुनं पाम किंवा कॅसिओ ऑनलाइन अजून मिळतं. हौस म्हणून जरूर घ्या. रोजच्या कामासाठी नको. देवनागरीचीही पंचाईत आणि नोंदी बाहेर काढायचीही.

दुकानात हातात घेऊन बघा

नवी पेठेत किंवा कुठंही जा, पण भर दुपारी जा. दुकानातल्या दिव्याखाली प्रत्येक पडदा सुंदर दिसतो. दुकानदाराला सांगून यंत्र बाहेर रस्त्यावर उन्हात आणा, उजेड पूर्ण वाढवा आणि कॅलेंडरमधली बारीक तारीख वाचा. डोळे बारीक करावे लागले तर ते यंत्र आपल्या कामाचं नाही.

मग एका हातात धरून अंगठ्याने एक पूर्ण नोंद करा. मराठीत करा. ‘कुऱ्हाडे’, ‘ॲडव्हान्स’, ‘ट्रान्सपोर्ट’ असे शब्द टाका, कारण कीबोर्ड अडखळतो तो ‘ऱ्ह’, ‘ॲ’ आणि जोडाक्षरांपाशी. उच्चाराप्रमाणे टाइप करायची सवय असेल तर ती पद्धत आहे का बघा, इनस्क्रिप्टवर (भारतीय भाषांच्या ठरीव कीबोर्डवर) हात बसला असेल तर ते. गुगलच्या कीबोर्डला मराठी बोलून लिहिता येतं. रस्त्याच्या आवाजात ते कितपत जमतं, तेही तिथंच कळेल. चालू मागाजवळ मात्र त्याच्याकडून अपेक्षा ठेवू नका, शेडच्या बाहेर यावंच लागतं.

पुढची परीक्षा फ्लाइट मोडची. नेट बंद करून नोंद करा, पाच मिनिटांनंतरचा गजर लावा आणि वाट बघा. नेट नसताना नोंद होत नाही किंवा गजर वाजत नाही, अशी डायरी सोलापूर-हैदराबाद प्रवासात निरुपयोगी आहे.

शेवटी दुकानदाराला विचारा, "यातले सगळे नंबर आणि तारखा फाइलमध्ये बाहेर कशा काढायच्या?" त्याला माहीत नसेल तर तुम्ही स्वतः करून बघा. नंबर व्हीसीएफ किंवा सीएसव्ही फाइलमध्ये आणि तारखा आयसीएस फाइलमध्ये निघाल्या पाहिजेत. या फाइली कुठल्याही कंपनीच्या यंत्रात उघडतात. एखादं ॲप कितीही देखणं असो, ते नोंदी बाहेर देत नसेल तर घेऊ नका.

मेमरी आणि कॅमेऱ्याच्या आकड्यांवर वेळ घालवू नका, डायरीला त्यातलं फार थोडं लागतं. धूळ आणि पाण्यासाठीचं आयपी मानांकन मात्र बघा. त्यातला पहिला आकडा धुळीचा, ६ म्हणजे धूळ आत जाणार नाही. दुसरा पाण्याचा, ७ म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास टिकेल. मागाजवळ वावर असेल तर पहिला आकडा जास्त मोलाचा.

जुना फोन विकत घेत असाल तर *#०६# दाबून आयएमईआय क्रमांक, म्हणजे त्या फोनचा स्वतःचा ओळख क्रमांक, काढा आणि सरकारच्या संचार साथी पोर्टलवर तपासा. ‘केवायएम’, मोकळी जागा आणि तो क्रमांक असा एसएमएस १४४२२ वर पाठवूनही माहिती मिळते. आधीच्या मालकाने स्वतःचं गुगल खातं समोर काढून टाकल्याशिवाय पैसे देऊ नका, नाहीतर रिसेट केल्यावर फोन त्याचाच पासवर्ड मागत बसतो. आणि बिल धंद्याच्या नावाने, जीएसटी क्रमांकासह घ्या. मोबाइलवर १८ टक्के जीएसटी आहे. नोंदणीकृत असाल तर त्याच्या वजावटीबद्दल सीएंशी बोला.

पहिल्या संध्याकाळची मांडणी

इथे घाई करू नका. एक संध्याकाळ नीट दिली तर पुढे वर्षभर त्रास वाचतो.

आधी कामासाठी वेगळं खातं उघडा. मुलाच्या किंवा मोबाइल दुकानदाराने काढून दिलेल्या खात्यावर धंद्याची माहिती ठेवू नका. दोन टप्प्यांची पडताळणी चालू करा आणि त्याचे राखीव कोड कागदावर लिहून कपाटात ठेवा. मग पडद्याच्या पहिल्या पानावर फक्त चार चिन्हं ठेवा: कॅलेंडर, संपर्क, कामं, टिपा. बाकी सगळं दुसऱ्या पानावर ढकला.

संपर्कांची नावं एका साच्यात टाका: आधी भाग किंवा गाव, मग ओळखीचं नाव, मग धंदा. शहराच्या पूर्व भागात काम करणाऱ्यांच्या फोनमध्ये ‘अण्णा’ नावाने दहा-दहा नंबर साठलेले असतात. ‘अशोक चौक अण्णा टॉवेल’, ‘कुंभारी अण्णा चादर’ असं लिहिलं की प्रत्येकजण वेगळा होतो, आणि ‘कुंभारी’ एवढं टाकलं तरी तिथले सगळे समोर येतात. संपर्काच्या खाली शेऱ्याची जागा असते, ती रिकामी ठेवू नका. आपल्या शहरात एकाच दिवसात मराठी, तेलुगू, कन्नड आणि उर्दू बोलणाऱ्यांशी काम पडतं. कुणाशी कुठल्या भाषेत बोलणं सोपं जातं ते तिथे लिहा. दुपारी कुणाला फोन करायचा नाही, माल कुठल्या ट्रान्सपोर्टने मागवतात, हेही तिथेच.

लिपीचा निर्णय याच वेळी घ्या. देवनागरीत ‘टॉवेल’ शोधलं तर रोमन अक्षरांत लिहिलेला टॉवेल सापडेलच असं नाही. आकड्यांचंही तसंच. माझी पद्धत अशी: शब्द देवनागरीत, मापं आणि रकमा इंग्रजी आकड्यांत. तुम्ही उलटं ठरवलंत तरी चालेल, पण एकच ठेवा. जुन्या संगणकावर श्रीलिपी किंवा शिवाजी फाँटमध्ये याद्या असतील तर आधी युनिकोडमध्ये, म्हणजे फोनला कळणाऱ्या अक्षरपद्धतीत, बदलून घ्या, नाहीतर फोनमध्ये नुसती खुणांची रांग दिसेल.

कॅलेंडरमध्ये फक्त तेच टाका जे ठरलेल्या दिवशी घडणार आहे. ‘कधीतरी नवं डिझाइन बघू’ ही टिपांमधली गोष्ट. तीन रंग पुरतात: माल, पैसा, सरकारी तारखा. एक नोंद कशी असावी ते जवळून बघू. समजा, मागमालकाशी बोलणं झालं:

"अण्णा, गुरुवारी माल उचलायचा ना?"

"गुरुवारी कुठलं मालक, बीम आत्ता चढलंय. शनिवारी संध्याकाळी या."

बीम म्हणजे मागावर चढवायचा ताण्याच्या सुताचा रूळ, तो चढल्यावरच विणणं सुरू होतं. डायरीत गुरुवारची नोंद आधीच आहे. ती तशीच ठेवून शनिवारी दुसरी नोंद करू नका. तीच उघडा, तारीख शनिवारवर न्या, वेळ सहाची. शीर्षक: ‘माल उचल, टॉवेल 30×60, अक्कलकोट रोड’. खाली तपशील: ‘25 डझन, पांढरा. बीम उशिरा चढलं म्हणून गुरुवारवरून शनिवार, मालक स्वतः बोलले’ आणि बोलल्याची तारीख. सूचना दोन लावा, एक तासभर आधी आणि एक आदल्या संध्याकाळी. आदल्या संध्याकाळची सूचना जास्त महत्त्वाची. तेव्हा फोन केला तर उशीर कळतो आणि पार्टीला सांगायला, टेम्पो पुढे ढकलायला वेळ हातात असतो.

मग तिथेच उभं राहून मोठ्याने वाचून दाखवा: "शनिवार, संध्याकाळी सहा, पंचवीस डझन पांढरा. बरोबर ना अण्णा?" समोरच्याने हो म्हटलं की तोंडी शब्द पक्का झाला. काही चुकलं असेल तर तो लगेच दुरुस्त करतो. माझ्या मते या यंत्राचा सगळ्यात मोठा फायदा इथेच होतो, आणि त्याला कुठलंही महागडं ॲप लागत नाही.

कामांच्या यादीत पूर्ण काम लिहा. नुसतं ‘हैदराबाद’ लिहिलं तर तीन दिवसांनी त्याचा अर्थ लागत नाही. ‘हैदराबाद पार्टीला शेड कार्ड (रंगांच्या नमुन्यांचं कार्ड) कुरियर करणं’ असं लिहा.

टिपांमध्ये भावाची यादी, मापं, ट्रान्सपोर्टची माहिती, शेड नंबर. प्रत्येक टिपेच्या शीर्षकात तारीख घाला, नाहीतर गेल्या वर्षीचा भाव यंदाचा म्हणून सांगितला जाईल. रंगाच्या बाबतीत एक सावधगिरी: फोटोवरून शेड कधीच पक्की करू नका. प्रत्येक पडदा रंग वेगळा दाखवतो, आणि ट्यूबलाइटखाली काढलेला फोटो तर आणखी फसवतो. टिपेत शेड नंबर लिहा आणि सुताचा तुकडा पाकिटात ठेवा.

वर्षाच्या तारखा एकदाच भरा

पुन्हा पुन्हा येणाऱ्या तारखा ‘दर महिन्याला’ अशा लावता येतात. मासिक विवरणपत्र भरणाऱ्यांसाठी जीएसटीआर-१ ची ११ तारीख, जीएसटीआर-३बी ची २० तारीख. तिमाही योजनेत असाल तर महाराष्ट्रात तिमाहीनंतरच्या महिन्याची १३ आणि २२. टीडीएस भरायची ७ तारीख, फक्त मार्चचा ३० एप्रिलपर्यंत. पीएफ आणि ईएसआय १५ तारीख. आगाऊ कराचे चार हप्ते १५ जून, १५ सप्टेंबर, १५ डिसेंबर आणि १५ मार्च. सूचना तीन दिवस आधीची लावा, शेवटच्या दिवशी पोर्टलवर गर्दी असते. मुदती कधी कधी वाढतात, तसं झालं तर सीएंच्या सांगण्यावरून त्या महिन्यापुरती नोंद बदला.

ई-वे बिलाची, म्हणजे माल वाहून नेण्यासाठी जीएसटीत काढायच्या ऑनलाइन कागदाची, मुदतही कॅलेंडरमध्ये हवी. दुसऱ्या राज्यात ५०,००० रुपयांपेक्षा जास्त किमतीचा माल जातो तेव्हा ते लागतं, आणि साध्या मालट्रकला दर २०० किलोमीटरला एक दिवस मिळतो. हैदराबाद इथून साधारण ३०० किलोमीटर, म्हणजे दोन दिवस. गाडी वाटेत बिघडली तर मुदत वाढवायची खिडकी मुदत संपण्याच्या आठ तास आधीपासून आठ तास नंतरपर्यंत उघडी असते. म्हणून गाडी निघाली की लगेच त्या वेळेचा गजर लावा.

येण्यांसाठी एक नियम उपयोगी आहे. उद्यम नोंदणी असलेल्या सूक्ष्म आणि लघु उत्पादकाचे पैसे खरेदीदाराने लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत, करार नसेल तर १५ दिवसांत द्यायचे असतात. तेवढ्यात दिले नाहीत तर ती रक्कम त्याला प्रत्यक्ष पैसे देईपर्यंत आयकरात खर्च म्हणून दाखवता येत नाही. म्हणून माल स्वीकारल्याच्या दिवसापासून मोजून तारीख टाका आणि आठवडाभर आधी आठवण लावा. मार्चच्या तोंडावर अशी आठवण केली की समोरचाही लक्ष देतो.

आणि आपल्या गावाचं वर्ष वेगळं असतं, तेही डायरीत उतरवा. जानेवारीत संक्रांतीला सिद्धेश्वरांची गड्डा यात्रा. त्या दिवसांत कामगार आणि टेम्पो दोन्ही गृहीत धरू नका. आषाढी-कार्तिकीला पंढरपूरच्या बाजूची वाहतूक अडते. तिथी दरवर्षी सरकते, म्हणून गुढीपाडव्याला नवं पंचांग आलं की अर्धा तास बसून वर्षाच्या तिथी भरून टाका. युनिफॉर्मवाल्यांनी १५ जूनच्या शाळेपासून मागे मोजत कापड, कटिंग, शिलाई, पॅकिंग अशा तारखा लावाव्यात. घर आणि काम एकाच माणसावर असेल तर नळाला पाणी यायचा दिवसही टाका, त्या सकाळी कुणाला लवकरची वेळ देऊ नये.

रोज काय करायचं

सकाळी निघण्याआधी आजचं आणि उद्याचं पान बघा. दिवसभर एकच नियम पाळा: ज्या बोलण्यात तारीख किंवा रक्कम आली ते गाडीला किल्ली लावण्याआधी आत गेलं पाहिजे. टाइप करायला वेळ नसेल तर बोलून टाका. चिठ्ठी मिळाली तर फोटो काढा, पण फोटो ही नोंद धरू नका. संध्याकाळी त्यातली तारीख कॅलेंडरमध्ये आणि रक्कम हिशेबात गेली की मगच काम झालं. व्हॉट्सॲपवर स्वतःलाच संदेश पाठवणारे खूप आहेत. तात्पुरतं ठीक आहे, पण तो संदेश गुरुवारी सकाळी आठला वाजणार नाही. रात्री तिथलं सगळं डायरीत हलवा.

आठवड्यातून एकदा, माग बंद असतात त्या दिवशी, गेल्या आठवड्यावर नजर टाका. न झालेलं काम पुढे ढकला किंवा खोडून टाका. तीन आठवडे ढकललं गेलेलं काम बहुतेक वेळा कुणालाच नको असतं.

गजर वाजत नसेल तर दोष बहुधा फोनच्या बॅटरी वाचवण्याच्या सोयीत असतो. अनेक फोन मागे चालणारी ॲप बंद करतात आणि सूचना गायब होतात. सेटिंगमध्ये कॅलेंडर आणि कामांच्या ॲपवरचं बॅटरीचं बंधन काढा, गजराची परवानगी द्या, मग फोन रात्रभर तसाच ठेवून सकाळचा गजर वाजतो का बघा. फोनचं अपडेट झालं की ही सेटिंग पुन्हा तपासा. याच वेळी कुलूप लागलेल्या पडद्यावर सूचनेतला मजकूर दिसणार नाही असंही करा. काउंटरवर ठेवलेल्या फोनवर एका पार्टीची रक्कम दुसऱ्या पार्टीने वाचू नये.

ऊन आणि सूत

बऱ्याच कंपन्या फोन ३५ अंशांपर्यंतच्या हवेत वापरायला सांगतात. सोलापुरात एप्रिल-मे महिन्यात पारा ४० च्या वर जातो, आणि दुचाकीची डिकी किंवा काच बंद गाडी त्याहून तापते. तिथे यंत्र ठेवू नका. तापलेला फोन चार्जिंगला लावू नका. आधी सावलीत, पंख्याखाली निवू द्या. फ्रीजमध्ये ठेवणं चूक आहे, आत पाणी धरतं. बॅटरी सतत शंभर टक्के भरून उन्हात फिरवण्यापेक्षा ऐंशीच्या आसपास ठेवलेली जास्त वर्षं टिकते.

मागाजवळ सुताचे बारीक तंतू चार्जिंगच्या छिद्रात दाबून बसतात आणि पिन नीट लागत नाही. लोक केबल बदलत राहतात. आधी फोन बंद करा, टॉर्चने आत बघा, लाकडी दातकोरणीने हलक्या हाताने तंतू ओढून काढा. सुई, टाचणी नको. तोंडाने फुंकर मारू नका, वाफेचा ओलावा आत जातो.

हरवलं, बिघडलं, बदललं

दर महिन्याला एक तारीख ठरवून नंबर आणि कॅलेंडर फाइलमध्ये काढा. गुगलचं कॅलेंडर असेल तर ही फाइल संगणकाच्या ब्राउझरमधून निघते. एक प्रत संगणकावर, एक पेन ड्राइव्हवर. पहिल्यांदा काढाल तेव्हा ती दुसऱ्या फोनमध्ये उघडूनही बघा. न उघडणारी प्रत संकटात कामाला येत नाही. एटीएमचा पिन, बँकेचा पासवर्ड टिपांमध्ये कधीच लिहू नका.

फोन हरवला तर आधी दुसऱ्या फोनवरून गुगलची शोधण्याची सोय वापरून त्याला कुलूप लावा. मग सिम बंद करा, पोलिसांत तक्रार द्या, आणि त्या तक्रारीच्या आधारे संचार साथीवरून आयएमईआय ब्लॉक करा. यासाठी आयएमईआय क्रमांक आधीच कागदावर लिहिलेला हवा; खोक्यावर असतो, पण खोकं कुठं ठेवलंय ते वेळेला आठवत नाही.

नवं यंत्र आलं की एक दिवस ठरवून सगळं हलवा आणि त्या दिवसापासून नोंद फक्त नव्यावर करा. दोन्हीकडे थोडं थोडं लिहिलं तर कुठलं खरं ते कळेनासं होतं. जुन्यावरून आधी खातं काढा, मग फॅक्टरी रिसेट करा, या क्रमाने. तो अजून धड असेल तर सिमशिवाय गोदामात लावा. त्यावर कामाच्या मुख्य खात्याऐवजी वेगळं खातं उघडा आणि कॅलेंडर त्याच्याशी फक्त बघण्यापुरतं शेअर करा. उद्या कुठला टेम्पो येणार हे दिवाणजीला दिसेल, आणि तारखा बदलण्याचं काम एकाच हातात राहील.